स्टुलाच्या पोटातला डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. तुम्ही मला पाहिलेले नाही, आणि त्यात तुमची चूक नाही, कारण चार वर्षे मी एका स्टुलाच्या पोटात होतो. माझ्याभोवती सहा डबे होते, वर काथ्याची गादी होती आणि त्या गादीवर श्रीवर्धनच्या एका घरातली सगळी माणसे आळीपाळीने बसत असत. माझा स्वभाव मुळात तक्रारखोर नाही. पण तुमच्या डोक्यावर कोणी चार वर्षे बसले, तर तुम्हीही थोडे चिडचिडे व्हाल.

माझा जन्म नेमका कुठे झाला ते मला ठाऊक नाही. मला समज आली तेव्हा माझ्या पोटात दुधाची पावडर होती आणि अंगावर एका गुबगुबीत गाईचे चित्र होते. त्या गाईचा मला फार अभिमान होता. कुवेतच्या एका दुकानातून मला कासमभाईंनी उचलले. कासमभाई तिकडे एका कंपनीत क्रेन चालवत. दोन वर्षांनी सुट्टीवर गावी येताना त्यांनी साबण, अत्तर, एक भला मोठा टेपरेकॉर्डर आणि आम्हा डब्यांना एकत्र बांधले. आधी विमान, मग बोटीसारखी डुलणारी टॅक्सी आणि शेवटी एसटीचा टप, असा प्रवास करून मी श्रीवर्धनला आलो. माणगाव सोडल्यावर एका वळणावर टेपरेकॉर्डर माझ्या अंगावर कलंडला आणि माझ्या कुशीत एक पोचा आला. मित्रांनो, हा पोचा लक्षात ठेवा. माझे पुढचे सगळे नशीब त्यानेच ठरवले.

दूध महिनाभरात संपले. मला वाटले, आता आपला कारभार आटोपला. पण आखातातून आलेल्या डब्याचे खरे आयुष्य दूध संपल्यावर सुरू होते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. या घरात एक रीत होती. डब्यावर जे लिहिलेले असे, ते डब्यात कधीच नसे. बिस्किटाच्या डब्यात सुईदोरा असायचा, टॉफीच्या डब्यात मेथीदाणे असायचे आणि खजुराच्या डब्यात विजेची बिले. पाहुण्यांची मुले मोठ्या आशेने झाकण उघडत आणि तोंड वाकडे करून लावत. माझ्यात आधी तांदळाचे पीठ होते, नंतर सुपारीची खांडे होती. मग एका वाईट दिवशी माझ्यात सुकट भरली. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. ती संपल्यावरही तिचा वास तीन वर्षे गेला नाही आणि त्या काळात माझ्यावरची गाय मला जरा खिन्न दिसू लागली. शेवटी कासमभाईंच्या बायकोने मला घासून, उन्हात वाळवून माझ्यात कापडाच्या चिंध्या ठेवल्या. घरातले सगळे आता तिला दादी म्हणतात, म्हणून मीही दादीच म्हणतो.

दादीला लिहिता-वाचता येत नसे. म्हणून कासमभाई पत्राऐवजी कॅसेट पाठवत. तिकडे टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचे आणि गावी येणाऱ्या कोणाच्याही हाती ती द्यायची, असा त्यांचा शिरस्ता होता. दादी ती कॅसेट ऐके, रडे, हसे आणि मग अशी जपून ठेवे की पुन्हा सापडत नसे. एका वर्षी कासमभाई आले नाहीत. ते तिकडेच आजारी पडले आणि तिकडच्याच मातीत गेले. बातमी आधी आली आणि त्यांची शेवटची कॅसेट त्यानंतर आठ दिवसांनी आली. ती एकच कॅसेट दादीने हरवू दिली नाही. तिच्यावर हिरवा दोरा बांधून तिने ती आपल्या पेटीत तळाशी ठेवली. आधी आधी ती वरचेवर ऐकायची. पुढे पुढे नुसती आहे एवढे बघून पेटी बंद करायची.

मग या घरात सून आली. तिचे नाव तैयबा. तैयबाच्या हातांना स्वस्थ बसणे ठाऊकच नव्हते. नारळाच्या करवंटीचा तिने दिवा केला, तांदळाच्या गोणीची पिशवी केली, छत्रीच्या कापडाचे पावसाळी टोपडे केले. घरात एखादी वस्तू मोडली की बाकीचे हळहळत आणि तैयबाचे डोळे चमकत. तिचा नवरा हमदुल्ला बापासारखाच कुवेतला वीस वर्षे काम करून परत आला, तेव्हा त्याची पँट धुवायला टाकली की पायपुसणे होऊन परत येई. त्यामुळे तो अंघोळीला जाताना सगळे कपडे बरोबर घेऊन जाऊ लागला.

दादीला सुनेचे हे वेड बघून गंमत वाटे, पण ती तसे दाखवत नसे. "यो घर हाय की भंगाराचं दुकान?" असे ती म्हणायची आणि गोणीची तीच पिशवी घेऊन बाजारात जायची.

मग २०२० सालच्या जून महिन्यात ते वादळ आले. तुम्ही लहान असाल, पण आमच्या किनाऱ्यावरची माणसे अजून त्याचे नाव काढले की वर छपराकडे बघतात. सकाळपासून पोफळी आणि माड गरागरा फिरत होते. सगळ्यांना शेजारच्या पक्क्या घरात न्यायला माणसे आली. हमदुल्ला हाका मारत होता, नात आतिफा रडत होती आणि दादी मात्र पेटीपाशी अडून बसली होती. तिने ती कॅसेट काढली. आपल्या निकाहच्या लाल ओढणीत ती गुंडाळली. पेटीत पाणी जाईल, हे तिला दिसत होते. तिने इकडेतिकडे पाहिले आणि माझे झाकण उघडले. चिंध्यांच्या मधोमध कॅसेट ठेवून तिने झाकण दोन्ही हातांनी दाबले.

"घर उडालं तरी डबा उडायचा न्हाय," ती मला म्हणाली. माझ्याशी इतक्या विश्वासाने त्याआधी कोणी बोलले नव्हते.

घर खरेच उडाले, म्हणजे छप्पर उडाले. वाडीतल्या पोफळी झाडून सगळ्या आडव्या झाल्या. स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी आले आणि मी त्यात तरंगू लागलो. आपल्याला पोहता येते हे मला तेव्हाच कळले. माझ्यात पाण्याचा थेंब शिरला नाही. दादीला मात्र भिजून ताप भरला आणि छप्पर होईपर्यंत तिला म्हसळ्याला लेकीकडे नेऊन ठेवले. त्या तापात ती बरेच काही विसरली. कॅसेट पेटीतून हलवली होती, हेही ती विसरली, आणि ती पेटीतच आहे असे समजून पुढे तिने कधी बघितलेही नाही.

इकडे घरात बसायला काही उरले नव्हते. प्लायवूडचा सोफा फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते. खुर्च्या वाहून गेल्या होत्या. नुकसानीची पाहणी करायला, विचारपूस करायला माणसे येत आणि उभ्यानेच चहा पिऊन जात. तैयबाला ते फार लागले. आपल्या दारात माणूस उभ्याने चहा पितो, हे तिला सहन होईना. तिने चिखलातून एकसारखे डबे गोळा केले. एक मध्ये आणि सहा भोवती असे सात डबे ठेवले तर त्यांचे गोल फूल होते आणि ते कितीही वजन पेलते, हे तिला ठाऊक होते. सहा डबे मिळाले. सातवा मी.

तिने चमच्याच्या दांड्याने माझे झाकण उघडून आत डोकावले. वर चिंध्या होत्या. "बरंच झालं. भरीव हाय, वाजायचा न्हाय," ती म्हणाली आणि झाकण परत लावले. माझ्या कुशीतला पोचा दिसला, तेव्हा तिने मला मध्ये ठेवले, म्हणजे कोणाच्या नजरेस पडायला नको. देखणे डबे बाहेर आणि मी आत. तिने आम्हा सातांना चिकटपट्टीने गच्च गुंडाळले, खाली-वर पुठ्ठा लावला, नारळाच्या काथ्याची गादी केली आणि वरून अभ्रा चढवला. अभ्रा कशाचा, माहीत आहे? हमदुल्लाच्या कंपनीच्या निळ्या डांगरीचा, म्हणजे कामावर घालायच्या अंगभर पोशाखाचा. तिची चेन एका बाजूला उभी लावली. छातीवरचा खिसा दुसऱ्या बाजूला आला आणि हमदुल्लाच्या नावाची पट्टी बरोबर बसायच्या जागी आली. हमदुल्लाने ते पाहिले, पण कोणावर बसायचे आणि कोणावर नाही, असा वाद घालायला त्याच्याकडे दुसरी जागा नव्हती. तो मुकाट्याने स्वतःच्या नावावर बसला.

दादी परत आली तेव्हा तिने माझ्यावर बसून पाहिले, एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे झुकली. "यो माजा," एवढेच ती म्हणाली. त्या दिवसापासून स्टुलाच्या खिशात तिचा चष्मा आणि अडकित्ता राहू लागला.

त्या वेळी तैयबाने आणखी एक गोष्ट केली होती. घरात गाण्यांच्या वीसेक कॅसेटी होत्या. त्या सगळ्या चिखलात भिजून बाद झाल्या होत्या. तिने त्यांच्या आतल्या चकचकीत काळ्या पट्ट्या ओढून काढल्या, धुतल्या आणि अंगणात जिथे बांगडे वाळत घालतात, तिथे दोऱ्यांवरून आडव्या-उभ्या बांधल्या. वारा आला की त्या फडफडत, उन्हात चमकत आणि कावळे घाबरून लांब बसत. बिघडलेल्या टेपरेकॉर्डरचे पोट काढून तिने त्यात पेंढा घातला. तिथे कोंबडी अंडी उबवू लागली.

अशी चार वर्षे गेली. मी अंधारात बसून वर चाललेले बोलणे ऐकत असे. उजवीकडच्या डब्याला अजून वेलचीचा वास येत होता आणि त्याबद्दल तो फार आढ्यतेने वागे. मी कधी बोललो नाही. पण माझ्या पोटात काय आहे ते मला माहीत होते आणि मनातल्या मनात मी फार ताठ बसत असे.

गेल्या वर्षी आतिफाची मंगनी झाली आणि निकाहची तारीख ठरली. त्या दुपारी दादी माझ्यावर बसून सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "पोरगी घरातनं जायच्या आधी तिला दादाची, तिच्या आज्याची दुवा ऐकवायची हाय. कॅसेटीत शेवटाला त्यांनी दुवा केलीय. आतिफा, माजी पेटी उघड."

आतिफाने पेटी उघडली. पेटीत कॅसेट नव्हती.

मग शोध सुरू झाला. पेटी उलटी केली, कपाट उपसले, गाद्या झटकल्या. घरातला प्रत्येक डबा उघडला गेला. बिस्किटाच्या डब्यात सुईदोरा सापडला, खजुराच्या डब्यात सहा वर्षांपूर्वीची बिले सापडली आणि हमदुल्लाचा हरवलेला दात मेथीदाण्यांत सापडला. कॅसेट सापडेना. सगळे थकले की आळीपाळीने येऊन माझ्यावर बसत आणि "कुठं गेली असंल?" असे म्हणून सुस्कारा टाकत. मित्रांनो, त्या दिवशी माझी काय अवस्था झाली असेल, याचा विचार करा. मी ओरडत होतो. पण डब्याला आवाज असतो तो फक्त पडल्यावर, आणि मला तर चहूबाजूंनी बांधले होते.

संध्याकाळी दादी अंगणात आली. तिची नजर दोऱ्यांवर फडफडणाऱ्या काळ्या पट्ट्यांवर गेली आणि तिथेच थांबली.

"तैयबा," ती म्हणाली, "या पट्ट्या कुठल्या कॅसेटींच्या?"

"गाण्यांच्या, अम्मा. वादळात भिजलेल्या."

"सगळ्या गाण्यांच्या व्हत्या?"

तैयबा पट्ट्यांकडे बघू लागली. कॅसेटींवरचे कागद तेव्हा पाण्याने निघून गेले होते. चिखलाने सगळ्या सारख्याच काळ्या झाल्या होत्या. तिने एकेक ओढून काढल्या होत्या, बघितल्या नव्हत्या.

"मना आठवत न्हाय," ती हळू आवाजात म्हणाली.

दादी तिच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी तिने आतिफाला सांगून मला अंगणात नेऊन ठेवायला लावले, अगदी पट्ट्यांच्या खाली. तिथे माझ्यावर बसून ती वाऱ्याचा फडफड आवाज ऐकत राहिली. खाली बांगडे वाळत होते, वर पट्ट्या हलत होत्या आणि दादी मध्येच मान तिरकी करत होती. हमदुल्ला तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"अम्मी, वारा हाय तो."

"मना कळतंय. तुजा बाप पण क्रेनवर चढून बोलायचा. त्यांच्या कॅसेटीत पण वाराच जास्ती असायचा."

हे तैयबाने स्वयंपाकघराच्या दारातून ऐकले. त्या दिवशी तिने आपली कात्री पुसली, कापडात गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिली. शिवलेल्या बाहुल्या, अर्धवट राहिलेली पिशवी, सगळे एका गोणीत भरले. मला तिच्या रुसलेल्या सासूपेक्षा तिचीच काळजी जास्त वाटू लागली. जी बाई पावाच्या पिशवीचीसुद्धा वेणी घालायची, ती आता रिकामी पिशवी सरळ कचऱ्यात टाकू लागली.

दोघी एकाच स्वयंपाकघरात वावरत आणि आतिफाच्या मार्फत बोलत.

"आतिफा, तुज्या आईला सांग, कालवणात मीठ कमी हाय."

"आई, दादी म्हणते..."

"ऐकलं मी. सांग, घालते म्हणून."

"दादी, आई म्हणते..."

"ऐकलं."

आतिफा कॉलेजात शिकलेली मुलगी. लग्नाआधीच दोन सासवा मिळाल्यासारखी तिची गत झाली. निकाहला पंधरा दिवस उरले होते आणि घरात कोणी हसत नव्हते. मी तर आतल्या आत गंजायला लागलो होतो.

महिन्यातून एकदा पेणकडून हिरामण नावाचा भंगारवाला आपला टेम्पो घेऊन येत असे. टेम्पो त्याच्याहून म्हातारा होता. त्यात अजूनही कॅसेट लावायचा जुना टेप होता आणि हिरामण त्यावर लग्नातली आगरी गाणी इतक्या मोठ्याने लावी की त्याला भंगार म्हणून ओरडावे लागत नसे. त्या दिवशी गाणे ऐकू आल्याबरोबर तैयबा बाहेर आली. तिने करवंटीचे दिवे आणले, पायपुसणी आणली, ती गोणी आणली आणि कपाटावरची कात्रीही आणली. मग टेपरेकॉर्डर आणायला गेली. कोंबडी आतून उठेना. तिने तैयबाच्या हाताला दोनदा चोच मारली आणि परत अंड्यांवर बसली. शेवटी टेपरेकॉर्डर तिथेच राहिला.

"वहिनी, सगलं देता? बरं हाय ना?" हिरामणने विचारले.

"घरात लग्न हाय. जागा करायचीय," तैयबा म्हणाली आणि तिने स्टूल उचलून त्याच्या हातात दिले. म्हणजे मला दिले. मी त्या घरात चाळीस वर्षे काढली होती. पोटात त्यांचे सगळ्यात मोलाचे सामान घेऊन मी पेणला निघालो होतो, आणि तिथे डब्यांचे काय होते ते मला ठाऊक होते. ते दाबून चपटे करतात.

तेवढ्यात दादी दुपारची जोहरची नमाज आटोपून बाहेर आली. हिरामणच्या हातात स्टूल पाहताच ती दारच्या दोन पायऱ्या एकदम उतरली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने तसे उतरू नये.

"यो न्हाय द्यायचा," असे म्हणत तिने स्टुलाची एक बाजू धरली.

"आजी, वहिनींनी दिला. सोरा वो, पराल," हिरामण म्हणाला. पण त्यालाही ते पटकन सोडता येईना, कारण सोडले असते तर दादी मागे पडली असती.

तैयबा पुढे आली. "अम्मा, जाऊ दे त्याला. माज्या हातनं तुमची येवढी वस्तू गेली. आता मना घरात काय ठेवायचं न्हाय, मी बनवलेलं."

त्या संध्याकाळनंतर दादी पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलली. "तुज्या हातनं बनलंय म्हणूनच न्हाय द्यायचं. वादळात घर गेलं तवा तू बसायला जागा केलीस. ती मी भंगारात देऊ व्हय?"

तैयबाच्या डोळ्यांत पाणी आले. हिरामण ते बघण्यात गुंतला आणि त्याची पकड सैल झाली. दादीने ओढले. खाऱ्या हवेने आमची चिकटपट्टी कधीच सुटली होती. आता आम्हाला एकट्या डांगरीने धरून ठेवले होते. त्या ओढाताणीत तिची चेन वरपासून खालपर्यंत उघडली आणि आम्ही सातही जण बाहेर पडलो.

त्यांचे अंगण उतारावर आहे आणि पुढे दगडी पाखाडी, म्हणजे उतरती फरसबंद वाट, थेट रस्त्यापर्यंत जाते. सहा देखणे डबे खणखण वाजत त्या पाखाडीवरून धावत सुटले. वेलचीवाला सगळ्यात पुढे होता. हमदुल्ला त्यांच्या मागे धावला. मीही निघालो, पण माझ्या कुशीत तो पोचा होता ना? पोचा असलेला डबा सरळ जात नाही. मी एक मोठा गोल फिरलो, बांगड्यांच्या चटईला वळसा घातला आणि डगमगत येऊन दादीच्या पायाशी दगडावर आपटलो. ठण्ण. चार वर्षांनी मला आवाज फुटला.

दादीने खाली पाहिले. तिने माझा पोचा पाहिला. गाईचा अर्धा पुसलेला चेहरा पाहिला.

"यो तर माजा चिंध्यांचा डबा," ती म्हणाली.

झाकण गंजून बसले होते. हिरामणने भंगाराच्या ढिगातून हाताला आली ती वस्तू काढून दिली. ती तैयबाची कात्री होती. तैयबाने कात्रीच्या टोकाने झाकण उचकटले. वर चिंध्या होत्या. त्यांच्या खाली लाल ओढणी होती. ओढणीत हिरवा दोरा बांधलेली कॅसेट होती, कोरडी ठणठणीत.

दादी ओढणीकडे बघत होती आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर ते वादळ परत आले.

"मीच ठेवली," ती म्हणाली. "घर उडालं तरी डबा उडायचा न्हाय, असं मीच म्हटलं व्हतं. या अल्ला."

तैयबा तिथेच अंगणात बसली आणि मोकळेपणाने रडली. दादीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

आता कॅसेट होती, पण लावायची कुठे? सगळ्यांनी टेपरेकॉर्डरकडे पाहिले. टेपरेकॉर्डरमधून कोंबडीने सगळ्यांकडे पाहिले. मग हिरामणने घसा साफ केला. "माज्या टेम्पोत वाजंल ना," तो म्हणाला.

मग टेम्पोच्या केबिनमध्ये दादी बसली, शेजारी आतिफा बसली आणि दादीच्या मांडीवर मी. एका खिडकीशी तैयबा उभी राहिली. दुसऱ्या खिडकीशी हमदुल्ला उभा राहिला, सहा डबे काखेत घेऊन, धापा टाकत. हिरामणने आगऱ्यांचे लग्न थांबवले आणि कॅसेट आत सरकवली.

आधी नुसता वारा ऐकू आला. मग एक माणूस मोठ्याने बोलू लागला.

"अस्सलाम अलैकुम. मी कासम बोलतंय. हितं वारा लय हाय, म्हणून वरडून बोलतंय. माजी तब्येत बरी हाय. दुधाचे दोन डबे इब्राहिमच्या हाती पाठवलेत. आता ऐक. मागची कॅसेट सापडत न्हाय म्हणून तू हमदूला मारलंस, असं मना कळलं. पोराला मारू नको. तू वस्तू जपून ठेवतंस आणि कुठं ठेवली ते तूच इसरतंस. कुणावर रागवायच्या आधी डब्यांत बघ."

हमदुल्लाने सहा डबे खाली ठेवले आणि आईकडे पाहिले. आतिफाने ओढणीचे टोक तोंडात धरले. हिरामण बाहेर बघू लागला.

"कॅसेट जुनी झालीय," दादी म्हणाली. "मधीच कायपण बोलते."

मग तैयबा हसली. ती हसली तशी दादीही हसू लागली, हमदुल्लाही हसला आणि मी दादीच्या मांडीवर गदागदा हललो. त्या हसण्यात पुढची दोन वाक्ये ऐकूच आली नाहीत. हिरामणने पट्टी मागे फिरवली. शेवटी कासमभाईंचा आवाज खाली आला. वाराही पडला असावा.

"अल्ला घरातल्या सगळ्यांना सुखी ठेवो. घरात हायत त्यांना, आणि अजून यायची हायत त्यांनापण."

ते बोलले तेव्हा हमदुल्ला सात वर्षांचा होता. तैयबा कुठल्या घरात खेळत असेल ते कोणाला ठाऊक नव्हते. आतिफाचा तर पत्ताच नव्हता. दादीने खिडकीतून हात बाहेर काढून तैयबाचा हात धरला. "तुना बोलतायत ते," ती म्हणाली.

हिरामणने त्या दिवशी भंगार नेले नाही. सगळ्या वस्तू त्याने परत अंगणात आणून ठेवल्या. तैयबाने त्याला जीन्सचे एक पायपुसणे दिले. ती जीन्स कोणाची, हे हमदुल्लाने लगेच ओळखले.

पुढचे थोडक्यात सांगतो. आतिफाने तो आवाज मोबाइलमध्ये उतरवून घेतला आणि निकाहच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांना ऐकवला, मधला डब्यांचा भाग गाळून. दादीने आपली लाल ओढणी तैयबापुढे ठेवली आणि म्हणाली, "काप." तैयबाने कापली. तिचा आतिफाला निकाहसाठी बटवा झाला आणि उरलेल्या पट्टीची मला झालर झाली. कॅसेटही दादीने तिच्याच हाती दिली. "ही तू ठेव," ती म्हणाली. "मी ठेवली की सापडत न्हाय."

तैयबाने ती माझ्यातच ठेवली. स्टूल तिने पुन्हा बांधले आहे. सहा भोवती आणि मी मध्येच. पण आता वरच्या गादीला दोन बटणे आहेत. ती काढली की माझे झाकण दिसते आणि हात घातला की मी उघडतो. दादी दिवसभर माझ्यावर बसून सुपारी कातरते. तिला वाटते ती माझी राखण करते आहे. मला वाटते मी तिची करतो आहे.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मोडलेली, पोचा आलेली, जुनी वस्तू टाकायच्या आधी तिचे काय बनेल, याचा विचार करा. बनवायच्या आधी तिच्या आत काय आहे, ते नीट बघा. घरात काही हरवले तर जिचे हात सतत काही करत असतात, तिच्यावर आधी संशय घेऊ नका. आणि सगळे घर पालथे घालूनही सापडले नाही, तर एकदा उठून उभे राहा आणि आपण कशावर बसलो आहोत, ते बघा.